धार मोजायची की पातळी बघायची? नेटफ्लिक्सच्या प्लेअरचं एक प्रकरण

व्हिडिओ सुरू झाला तेव्हा सगळं सुरळीत होतं. नेटचा वेग सेकंदाला 5 मेगाबिट होता आणि प्लेअरने 3 मेगाबिटचा दर्जा (एका सेकंदाच्या चित्राला साधारण 3 मेगाबिट डेटा) निवडला होता, म्हणजे हाताशी भरपूर मोकळीक होती. पंचविसाव्या सेकंदाला वेग धाडकन 350 किलोबिटवर आला. प्लेअरकडे 235 किलोबिटचा हलका दर्जाही होता. तो घेतला असता तर चित्र धूसर झालं असतं, पण थांबलं नसतं. प्लेअरने तो घेतला नाही. तो 3 मेगाबिटचेच तुकडे मागत राहिला. थोड्याच वेळात जवळ साठवलेला व्हिडिओ संपला, पडद्यावर चकती फिरू लागली आणि पुढची 200 सेकंदं चित्र जागचं हललं नाही.

ही नोंद स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून 2014 साली सिगकॉम या संगणक-जाळ्यांवरच्या परिषदेत मांडलेल्या निबंधातली आहे. ते-युआन हुआंग, रमेश जोहरी आणि निक मॅककिओन हे स्टॅनफर्डचे, मॅथ्यू ट्रनेल आणि मार्क वॉटसन हे नेटफ्लिक्सचे. वाय-फाय आणि मोबाइल नेटवर व्हिडिओ कसा सुधारायचा असं कुणी विचारलं की मी आधी हेच प्रकरण सांगतो. कारण यातला थांबा नेटने आणलेलाच नव्हता. 350 किलोबिटच्या नेटवर 235 किलोबिटचा व्हिडिओ आरामात चालतो. माणसाला सव्वातीन मिनिटं ताटकळत बसवलं ते प्लेअरच्या चुकीच्या निर्णयाने. आणि ज्या कोणाचा सिनेमा असा अडकतो, तो शिव्या देतो नेटवाल्याला.

प्लेअर नेमकं काय करतो

व्हिडिओची फाइल सलग येत नाही. तिचे चार-चार सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार ठेवलेला असतो. त्या काळी नेटफ्लिक्सची ही शिडी 235 किलोबिटपासून सुरू व्हायची, मग 375, 560, 750, 1050, 1400, 1750 अशी वर चढत सुमारे 5 मेगाबिटपर्यंत जायची. हे तुकडे साध्या वेब सर्व्हरवर पडलेले असतात. तुमचं नेट कसं आहे, तुम्ही जिन्यात उभे आहात की राउटरच्या शेजारी, यातलं सर्व्हरला काहीच ठाऊक नसतं. पुढचा तुकडा कुठल्या पायरीचा मागायचा, हे प्लेअरच ठरवतो.

आलेले तुकडे बफरमध्ये साठतात. ब्राउझरमधल्या प्लेअरचा हा साठा 240 सेकंदांचा, म्हणजे चार मिनिटांचा होता. व्हिडिओ चालू असताना दर सेकंदाला एक सेकंदाचा साठा खर्च होतो. भर किती पडते हे मात्र दोन गोष्टींवर ठरतं: नेटचा वेग आणि मागितलेल्या तुकड्याचं वजन.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण सगळी गोम त्यात आहे. 3 मेगाबिटचा चार सेकंदांचा तुकडा म्हणजे 12 मेगाबिट, दीड मेगाबाइट. वेग 350 किलोबिटवर आला की तो एक तुकडा यायला 34 सेकंदं लागतात. 34 सेकंदांचा साठा खर्च करून हातात आली चार सेकंदं. 30 सेकंदं बुडाली. असे आठ तुकडे मागितले की चार मिनिटांचा भरलेला साठाही तळाला जातो, आणि इथे तर व्हिडिओ नुकताच सुरू झाला होता. तेच 235 किलोबिटचा तुकडा मागितला असता तर तो पावणेतीन सेकंदांत आला असता आणि साठा उलट वाढला असता.

मग प्लेअर असं का वागला? कारण तो नेटचा वेग मोजत होता. मागच्या काही तुकड्यांचा वेग काढायचा, त्याची सरासरी धरायची आणि पुढेही साधारण तेवढाच वेग मिळेल असं मानून पायरी निवडायची. सरासरीत जुने चांगले आकडे असतात. वेग एकदम पडला की सरासरी त्याच्या मागून रांगत येते, आणि नवा आकडा हाती यायलाही आधी तो जड तुकडा पूर्ण उतरावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरं, पण इथे अंथरूणच क्षणाक्षणाला लांब-आखूड होत असतं.

हवेतून येणाऱ्या नेटचं दुखणं

त्याच निबंधात एका प्रेक्षकाच्या एकाच बैठकीचा आलेख आहे. एकाच सिनेमाच्या काळात त्याचा वेग 500 किलोबिट ते 17 मेगाबिट या दोन टोकांत हेलकावे खातो. चौतीस पटींचा फरक.

वायरीतून येणारं नेटही कमी-जास्त होतं, पण घरातल्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत रेडिओ आला की गोष्ट फारच अवघड होते. वाय-फायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीच्यांनी ऐकायचं, शांतता झाली की थोडं थांबून मग बोलायचं. शेजारच्या फ्लॅटचा राउटर त्याच चॅनलवर असेल तर त्याचीही पाळी येते. सिग्नल कमजोर झाला की उपकरण सावकाश बोलू लागतं, म्हणजे तेवढाच डेटा पाठवायला हवेतला वेळ जास्त खातं. याचा एक परिणाम फ्रान्समधल्या संशोधकांनी 2003 साली मांडला होता. त्या वेळच्या 11 मेगाबिटच्या वाय-फायवर एकच लांबचं उपकरण 1 मेगाबिटने बोलू लागलं, तर राउटरजवळच्या चांगल्या उपकरणांचा वेगही त्याच्या पातळीवर घसरतो. कारण बोलण्याची पाळी सगळ्यांना सारखी मिळते आणि सावकाश बोलणाऱ्याची पाळी लवकर संपत नाही. आतल्या खोलीतल्या जुन्या फोनमुळे हॉलमधला टीव्ही अडखळतो तो असा.

शिवाय वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हनचाही गोंगाट असतो. मोबाइल नेटवर टॉवरची क्षमता त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते आणि माणूस चालता-फिरता असतो. मुंबई-पुणे गाडीत फोनवर काही बघत असाल तर खंडाळ्याच्या घाटात एकामागून एक बोगदे लागतात तेव्हा काय होतं, हे वेगळं सांगायला नको. बोगद्याबाहेरच्या मिनिटाचा वेग मोजून बोगद्यातल्या मिनिटाचा अंदाज बांधता येत नाही.

उलट दिशेची चूक

पहिल्या प्रसंगात प्लेअर जास्त धीट निघाला. पण याच गटाने त्याआधी, 2012 साली, नेमकी उलटी चूक पकडली होती. त्या अभ्यासात निखिल हंडीगोळ आणि ब्रँडन हेलर हेही होते. त्यांनी हुलू, नेटफ्लिक्स आणि वूडू या ऑनलाइन व्हिडिओच्या तीन सेवा तपासल्या आणि तिन्हींमध्ये तोच दोष दिसला. मला हा भाग सगळ्यात शिकवणारा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा 5 मेगाबिटची लाइन आहे. तीवर व्हिडिओ चालू आहे, साठा पूर्ण भरला आहे. भरलेल्या साठ्यात नवा तुकडा टाकायला जागा व्हायची तर आधी एक तुकडा बघून संपला पाहिजे. त्यामुळे प्लेअर एक तुकडा उतरवतो, मग स्वस्थ बसतो, जागा झाली की पुन्हा एक तुकडा. अशी ये-थांब, ये-थांब चालते. आता त्याच घरात दुसरं कुणी एक मोठी फाइल उतरवायला लावतं. न्यायाने दोघांना अडीच-अडीच मेगाबिट मिळायला हवेत, आणि 1750 किलोबिटचा व्हिडिओ त्यात सहज मावतो.

प्रत्यक्षात तसं होत नाही. डेटा वाहून नेणारा टीसीपी हा नियमसंच मध्ये काही काळ गप्प राहिला की आपला आधीचा वेग विसरतो आणि पुन्हा अगदी हळू सुरुवात करून वेग वाढवत नेतो. इकडे मोठी फाइल उतरवणारा अखंड चालू असतो आणि राउटरची रांग त्याच्याच पॅकेटांनी, म्हणजे डेटाच्या पुडक्यांनी, भरलेली असते. व्हिडिओचा टीसीपी त्या भरल्या रांगेत शिरू पाहतो, त्याची पॅकेटं गळतात, तो आणखी हळू होतो. त्याला त्याचा अडीच मेगाबिटचा वाटा मिळण्याआधीच चार सेकंदांचा तुकडा उतरून संपतो. प्लेअर वेग मोजतो आणि तो खऱ्या वाट्यापेक्षा कमी भरतो. शिवाय सावधगिरी म्हणून प्लेअर मोजलेल्या आकड्यापेक्षाही खालची पायरी धरतो.

खालच्या पायरीचा तुकडा आणखी लहान. तो आणखी लवकर संपतो, टीसीपीला वेग वाढवायला आणखी कमी वेळ मिळतो, मोजलेला वेग आणखी खाली येतो. मग आणखी खालची पायरी. असं घसरत घसरत अडीच मेगाबिटचा हक्क असलेला व्हिडिओ 235 किलोबिटवर येऊन बसतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा प्लेअर एका वाईट आकड्याने इतका धसकतो की पुढचे सगळे आकडे तोच वाईट करतो. संशोधकांनी याला खाली नेणारा भोवरा असं नाव दिलं.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. ही घसरगुंडी चालू असताना साठा भरलेला होता. चार मिनिटांचा व्हिडिओ जवळ असताना प्लेअर घाबरून चित्र खराब करत होता. आणि पहिल्या प्रसंगात साठा डोळ्यांदेखत आटत असताना तो निर्धास्त होता. एक चूक धिटाईची, एक भित्रेपणाची, पण मूळ एकच. दोन्ही वेळा प्लेअर प्रामुख्याने नळाच्या धारेवर, म्हणजे नेटच्या वेगावर विसंबून होता; टाकीची पातळी, म्हणजे जवळचा साठा, त्याच्या हिशेबात दुय्यम होती.

ज्या घरात पाणी दिवसातून तास-दोन तास येतं, त्या घरातली बाई काय करते ते आठवा. नळाला धार किती आहे हे मोजत ती बसत नाही. ती टाकीचं झाकण उघडून आत बघते. भरत आली असेल तर कपडे, भांडी, फरशी, सगळं काढते. निम्म्यावर असेल तर जपून वापरते. तळाला गेली असेल तर फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला. धार कमी-जास्त झाल्याची बातमी टाकीच्या पातळीत आपोआप उतरलेलीच असते.

साठा बघून पायरी

हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लेअरला नेमकं हेच शिकवलं. पहिली आवृत्ती इतकी साधी होती की एका कागदावर मावावी. साठा 90 सेकंदांच्या खाली असेल तर सगळ्यात हलका दर्जा. साठा 216 सेकंदांच्या वर, म्हणजे टाकी नव्वद टक्के भरलेली असेल, तर सगळ्यात वरचा. मधल्या पट्ट्यात साठा जसा वाढेल तशी एक-एक पायरी वर. वेगाचा अंदाज घ्यायचाच नाही.

यामागचा तर्क भक्कम आहे. नेटचा वेग सगळ्यात हलक्या दर्जापेक्षा जास्त आहे तोवर, साठा तळाला आल्यावर हलका दर्जा घेतला तर साठा संपूच शकत नाही. आणि साठा काठोकाठ येताना वरचा दर्जा घेतला तर मिळालेला वेग वाया जात नाही. पहिल्या प्रसंगातली 200 सेकंदं या प्लेअरने घालवली नसती.

सप्टेंबर 2013 मध्ये त्यांनी हे नेटफ्लिक्सच्या खऱ्या प्रेक्षकांवर लावून पाहिलं. प्रेक्षकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचा प्लेअर, एकाला नवा, आणि तिसऱ्याला सदैव सगळ्यात हलकाच दर्जा देणारा. या तिसऱ्या गटाचं मला फार मोल वाटतं. हलक्यात हलका दर्जा देऊनही जे थांबे उरतात ते खरोखर नेटचे, त्यांना कुठलाही प्लेअर काही करू शकत नाही. त्या तळाशी तुलना केल्यावर कळलं की नेहमीच्या प्लेअरच्या थांब्यांपैकी 20 ते 30 टक्के थांबे चुकीचा दर्जा निवडल्यामुळे येत असावेत. सुधारणेला किती वाव आहे याचं माप आधी काढणं, ही शिस्त आपल्याकडच्या कितीतरी तक्रारींच्या तपासात नसते. त्या काळी अमेरिकेत संध्याकाळच्या गर्दीत इंटरनेटवरची निम्म्याहून जास्त वाहतूक नेटफ्लिक्स आणि यूट्यूबच्या व्हिडिओची होती. तेव्हा हा वाव लहान नव्हता.

नवा प्लेअर थांबे टाळण्यात सरस ठरला, पण सरासरी दर्जात थोडा मागे पडला. कारणं दोन निघाली.

पहिलं कारण तुकड्यांच्या वजनाचं. 3 मेगाबिट ही सरासरी असते. पाटी आणि नावं सरकत असतात तेव्हाचा तुकडा हलका, पळापळीच्या दृश्याचा भारी. तेव्हा तळाशी किती साठा राखून ठेवायचा हे पुढे येणाऱ्या दृश्यांवर ठरायला हवं. 90 सेकंदांचा ठरीव आकडा सोडून त्यांनी पुढच्या तुकड्यांची वजनं बघून राखीव साठा काढायला सुरुवात केली, तो 8 सेकंदांपासून 140 सेकंदांपर्यंत बदलू लागला. शांत दृश्यांच्या काळात प्लेअर लवकर वर चढू लागला.

दुसरं कारण सुरुवातीचं. व्हिडिओ सुरू होताना टाकी रिकामीच असते. पातळी बघून चालणारा प्लेअर नेट कितीही चांगलं असलं तरी पहिला बराच काळ धूसर चित्र देत राहतो. इथे संशोधकांनी आग्रह सोडला, आणि ते मला फार आवडतं. सुरुवातीला, फक्त सुरुवातीला, त्यांनी धार बघायला परवानगी दिली: नुकताच आलेला तुकडा तो बघायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर उतरला असेल तर एक पायरी वर. साठा अगदी कमी असताना ही अट कडक, आठपट वेगाची. साठा जमत जाईल तशी सैल. एकदा बस्तान बसलं की पुन्हा पातळीच.

आणखी एक काम उरलं होतं ते वायरलेसवाल्यांच्या जिव्हाळ्याचं. घरातलं नेट मधूनच 20-30 सेकंदं पूर्ण बंद पडणं नवं नाही. कधी डीएसएल मोडेम (टेलिफोनच्या वायरीतून नेट आणणारा) पुन्हा जुळणी करतो, कधी वाय-फायवर दुसऱ्याचा अडथळा येतो. म्हणून साठा वाढत असताना प्रत्येक तुकड्यामागे अगदी थोडा साठा अशा वेळेसाठी बाजूला काढायची सोय केली. घरात गूळ-शेंगदाण्याचा एक डबा हाताशी असावा तशी.

शेवटचा हिशेब असा: नेटफ्लिक्सच्या तेव्हाच्या नेहमीच्या प्लेअरपेक्षा थांबे 10 ते 20 टक्के कमी, सरासरी दर्जा जवळपास तेवढाच, आणि बस्तान बसल्यानंतरच्या काळात दर्जा वरचा. सर्व्हर बदलला नाही, लाइन बदलली नाही, राउटर बदलला नाही. बदलला तो फक्त प्लेअरचा निर्णय.

राउटरच्या बाजूने काय करता येतं हेही इथेच सांगतो, कारण भोवऱ्याचं एक कारण राउटरच्या भरल्या रांगेत होतं. एकाच रांगेत सगळ्यांना उभं केलं की मोठी फाइल उतरवणारा रांग अडवतो. एफक्यू-कोडेल नावाची पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते आणि रांगा लांबू देत नाही. ती 2018 साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी 8290 म्हणून प्रसिद्ध झाली आणि ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये मिळते. घरात एक जण अपलोड करतोय आणि दुसऱ्याचा व्हिडिओ बसतोय अशी तक्रार असेल तर महागडा प्लॅन घेण्याआधी हे करून बघावं. आणि टीव्ही जागचा हलणार नसेल तर त्याला सरळ लॅनची वायर जोडावी. रेडिओची सगळी दुखणी त्या एका वायरीने टळतात.

चार मिनिटांची टाकी नसेल तेव्हा

या प्रकरणात एक सोय होती जी नेहमी नसते. सिनेमा आधीच तयार असतो, म्हणून चार मिनिटं पुढचा भाग आणून ठेवता येतो. क्रिकेटचा सामना थेट चालू असेल तर चार मिनिटांनंतरचा चेंडू अजून टाकलेलाच नसतो. शिवाय साठा मोठा ठेवला तर प्रेक्षक तेवढा मागे पडतो. शेजारच्या घरातून सिक्सरचा आरडाओरडा ऐकू येतो आणि आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो, हा अनुभव घराघरातला आहे. थेट प्रक्षेपणात टाकी लहानच ठेवावी लागते. मग पातळी बघण्याची युक्ती चालेल का, असा प्रश्न होता.

दरम्यान साठ्यावर चालणारा विचार पुढे गेला. केव्हिन स्पिटेरी, राहुल उरगावकर आणि रमेश सीतारामन यांनी 2016 साली बोला नावाची पद्धत मांडली. तीही साठाच बघते, पण गणिताच्या पक्क्या पायावर उभी आहे, आणि डॅश.जेएस या खुल्या प्लेअरमध्ये ती आहे. दुसरीकडे वेगाचा अंदाज आणखी हुशारीने बांधणाऱ्या, यंत्राला शिकवून तयार केलेल्या पद्धतीही आल्या. प्रयोगशाळेतल्या नकली नेटवर त्या साठा बघणाऱ्या साध्या पद्धतीला सहज मागे टाकत होत्या.

स्टॅनफर्डमध्ये पफर नावाची सेवा उभी राहिली. अमेरिकेतल्या टीव्ही वाहिन्या थेट, फुकट दाखवायच्या, आणि कुठल्या प्रेक्षकाला कुठला प्लेअर मिळेल हे सोडतीने ठरवायचं. साठा फार तर 15 सेकंदांचा, तुकडे साधारण दोन सेकंदांचे. 2020 साली त्यांनी 63,508 प्रेक्षकांना दाखवलेल्या 38.6 वर्षांच्या व्हिडिओचा हिशेब मांडला. त्या लहानशा टाकीवरही, खऱ्या घरांच्या खऱ्या नेटवर, पातळी बघणाऱ्या साध्या पद्धतीला मागे टाकणं हुशार पद्धतींना जड गेलं. नकली नेटवर शिकलेली हुशारी खऱ्या नेटवर टिकत नव्हती.

त्या साध्या पद्धतीला मागे टाकलं ते फुगू नावाच्या प्लेअरने. तो पफरच्याच प्रेक्षकांच्या खऱ्या जोडण्यांवर शिकला होता. त्याने धार किती आहे हे विचारणं सोडलं आणि प्रश्नच बदलला: एवढ्या वजनाचा तुकडा आत्ता मागवला तर किती वेळात पोचेल? उत्तरही तो एका आकड्यात देत नाही. अर्ध्या सेकंदात यायची शक्यता एवढी, एका सेकंदात एवढी, त्याहून उशिरा एवढी, असं सांगतो. समोर कळशी आहे, नळ असा आहे, भरेपर्यंत टाकीत पुरेल का, एवढं बघून तो पुढचा तुकडा मागतो.